खो-खोचे लहान नियम आणि मोठे नियम

माजी विद्यार्थी संघापुढे यंदा एक प्रस्ताव आला आहे. शाळेमागच्या खो-खोच्या मुरमाड मैदानावर पत्र्याचे छत उभारावे, जमिनीवर सिमेंटचा कोबा करावा आणि त्यावर मॅट अंथरावी, असा तो प्रस्ताव. निधीचे आवाहनपत्र आपल्यापैकी बहुतेकांच्या हाती पडले असेलच. या प्रस्तावाच्या बाजूने हिरिरीने बोलणारे माझे मित्र आहेत आणि ‘मातीशिवाय खो-खो कसला’ म्हणून तळमळणारेही माझेच मित्र आहेत. मी या मैदानावर सहा वर्षे खेळलो, पुढे पंचपरीक्षा उत्तीर्ण होऊन दोन तपे शिट्टी वाजवली, म्हणून संपादक मंडळाने मला या विषयावर लिहावयास सांगितले. प्रश्न दिसतो मॅटचा. पण त्याच्या पोटात दुसरा आणि मोठा प्रश्न आहे. आपला खेळ जगाने ओळखावा यासाठी त्या खेळाने स्वतःला किती बदलावे?

आपल्या संस्थेत खो-खो आला तो गरिबीमुळे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. त्यामागे कोणतेही सांस्कृतिक धोरण नव्हते. दोन खांब, टोपलीभर फक्की आणि अठरा मुले एवढ्यावर हा खेळ उभा राहतो. चेंडू फुटत नाही, बॅट मोडत नाही, जाळी फाटत नाही. अनुदानाचा हप्ता वर्ष-वर्ष न येणाऱ्या काळात वसतिगृहातील मुलांना खेळायला लावायचे तर दुसरे काय परवडणार होते? पहिले खांब बाभळीचे होते, ते तासून घासून गुळगुळीत करण्याचे काम आमच्या आधीच्या मुलांनी केले होते. पहाटेची वंदना झाली की अनवाणी पायांनी आम्ही मैदानावर जात असू. तळव्यांना मुरूम टोचत नाही, असे वाटू लागले की मुलगा जुना झाला, असा आमचा हिशेब होता.

या खेळाला ‘हौशी’ खेळ म्हणण्याची रीत आहे. हौशी हा शब्द मला कधीच पटला नाही. ज्याचे पोट भरलेले आहे, ज्याला खेळाच्या बदल्यात काहीही नको असते, त्याने खेळाकडे हौस म्हणून पाहावे; आमच्या मुलांनी तसे कधी पाहिलेले नाही. मैदानावर घाम गाळणाऱ्या मुलाच्या मनात दहावीला मिळणारे क्रीडागुण असतात, शासकीय नोकरीतील खेळाडूंसाठीच्या 5 टक्के राखीव जागा असतात, रेल्वेचा किंवा पोलिसांचा संघ असतो. माझ्या बरोबरीचा एक जण खेळाडूंच्या कोट्यातून पोलीस दलात लागला आणि त्याच्या मागच्या तीन भावंडांची शिक्षणे झाली. हे सर्व मिळते ते प्रमाणपत्रावर. त्या प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालकांच्या कार्यालयात होते. आणि खेळाला, त्याच्या संघटनेला व स्पर्धेला मान्यता असेल तरच त्या कागदाला किंमत असते. तेव्हा ‘मान्यता कशाला हवी, आपण आपल्या आनंदासाठी खेळावे’ असे जे म्हणतात, त्यांना मी नम्रपणे विचारीन की हा आनंद कोणाच्या खर्चाने? आमच्या मुलांना मान्यता हवी आहे, आणि ती मागण्यात लाजण्यासारखे काहीही नाही.

दुसरा एक गैरसमज दूर करावयास हवा. ‘मूळ खो-खो’ अशी काही वस्तू कोठे जपून ठेवलेली आहे आणि आजचे लोक तिला बिघडवीत आहेत, असे बोलले जाते. वस्तुस्थिती तशी नाही. गावोगावी हा खेळ शेकडो तऱ्हांनी खेळला जात होता. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने त्याला नियमांच्या चौकटीत बसवले. त्यानंतर मैदानाची मापे बदलली, डावाची वेळ बदलली. 1936 साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने भारतीय खेळांची प्रात्यक्षिके तेथे करून दाखवली. पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा 1959-60 मध्ये विजयवाडा येथे झाली आणि लगेच पुढच्या वर्षी कोल्हापुरात स्त्रियांची. म्हणजे ज्याला आपण परंपरा म्हणतो ती पुष्कळशी आपल्या आजोबांच्या वयाची आहे. आणि सर्व संस्कार अनित्य आहेत असे रोज सकाळी म्हणणाऱ्या शाळेने, एखादी गोष्ट जुनी आहे एवढ्याच कारणासाठी तिला चिकटून बसावे, हे शोभणारेही नाही.

मग सर्वच बदलू द्यावे काय? येथे मला विनयपिटकातील एक प्रसंग आठवतो. तो आपल्यापैकी अनेकांनी वसतिगृहातील सायंकाळच्या पाठात ऐकला असेल. महापरिनिर्वाणापूर्वी तथागतांनी आनंदाला सांगितले होते की, संघाची इच्छा असेल तर माझ्या पश्चात क्षुद्रानुक्षुद्र शिक्षापदे, म्हणजे लहानसहान नियम, संघाने काढून टाकावेत. पुढे राजगृहाच्या पहिल्या संगीतीत आनंदाने हे सांगितल्यावर स्थविरांनी विचारले, लहानसहान म्हणजे नेमके कोणते, हे तू भगवंतांना विचारलेस काय? आनंदाने ते विचारले नव्हते. मग चर्चा सुरू झाली. चार पाराजिका सोडून बाकी सर्व लहान, असे एकाचे मत. त्यांत आणखी तेरा संघादिसेस मिळवून उरलेले लहान, असे दुसऱ्याचे. एकमत होईना. अखेर महाकाश्यपांनी ठराव मांडला की, कोणताही नियम काढू नये आणि नवा घालू नये. हा एक मार्ग झाला. पण शंभर वर्षांनी वैशालीत वाद उद्भवलाच, आणि तेथे वादाला आलेल्या दहा गोष्टींची यादी शिंगात मीठ साठवून ठेवण्यापासून सुरू होते व सोने-चांदी स्वीकारण्यापाशी येऊन थांबते. चिमूटभर मिठापासून सोन्यापर्यंतची ही वाट मला खो-खोचे नवे नियम वाचताना नेहमी आठवते. प्रत्येक बदल मिठाएवढाच दिसतो.

खेळ म्हणजे विनय नव्हे, आणि महाकाश्यपांचा ठराव क्रीडासंघटनेने जसाच्या तसा उचलावा असे मी म्हणणार नाही. परंतु आनंदाला विचारला गेलेला प्रश्न आपल्याला टाळता येत नाही. खो-खोचे लहान नियम कोणते आणि मोठे कोणते, हे आधी ठरवल्याशिवाय बदलाच्या बाजूने किंवा विरुद्ध बोलणे म्हणजे मोसमात न उतरता सराव करीत राहण्यासारखे आहे.

माझे उत्तर मैदानावरून घेतलेले आहे. खो-खोचे मर्म धावण्यात नाही. ते बसण्यात आहे. पाठलागाचे खेळ जगभर आहेत आणि त्यांत सर्व जण धावतात. आपल्या खेळात पाठलाग करणाऱ्या नऊ जणांपैकी एका वेळी एकच धावतो. उरलेले आठ मधल्या पाटीवरच्या आपापल्या चौकोनात आळीपाळीने विरुद्ध दिशांना तोंड करून उकिडवे बसतात. टाचा उचललेल्या, बोटे जमिनीला टेकलेली. पाठीमागून सहकाऱ्याचा हात पडेपर्यंत आणि ‘खो’ हा शब्द कानी येईपर्यंत बसलेल्याने उठायचे नाही. उठल्यावर ज्या बाजूला तोंड होते त्याच बाजूला जायचे. एकदा दिशा घेतली की ती उलटवायची नाही, मधली पाटी ओलांडायची नाही. बाजू बदलायची असेल तर थेट खांबापर्यंत जाऊन वळायचे. समोर मात्र तिघा संरक्षकांना पूर्ण मोकळीक. ते बसलेल्यांच्या मधून इकडून तिकडे जातील, साखळी खेळतील, खांबाआड हुलकावणी देतील.

हा व्यवहार नीट पाहिला तर ध्यानात येते की नऊ बांधलेली माणसे तीन मोकळ्या माणसांना पकडीत आहेत. एकट्याचे जे स्वातंत्र्य गेले ते सर्वांनी मिळून भरून काढायचे आहे. म्हणून खो-खोत सर्वांत वेगवान मुलगा सर्वांत चांगला आक्रमक ठरेलच असे नाही. मी असे कित्येक वाऱ्यासारखे पळणारे खेळाडू पाहिले आहेत, ज्यांना खो देणे जिवावर येई. आणखी दोन पावले टाकली तर गडी मिळेल, असे त्यांना सतत वाटे. तेवढ्यात संरक्षक दोन चौकोन पुढे निघून गेलेला असे. उलट आमच्या संघात एक जाडसर, संथ मुलगा होता. दुहेरी साखळी खेळणारा पट्टीचा खेळाडू समोर आला की आमचे सर त्याला मधोमध बसवीत; कारण खो मिळताच तो क्षणही न दवडता पुढच्याला खो देई. गडी बाद करणाऱ्यांच्या नोंदीत त्याचे नाव क्वचित लागे. गुणलेखकाच्या तक्त्यात दिलेल्या खोंची नोंद होत नाही, हे या खेळाचे एक मोठे दुर्दैव आहे, असे मला पंच म्हणून वाटत आले आहे.

तेव्हा बसलेल्याने खो मिळाल्याशिवाय न उठणे आणि उठल्यावर दिशा न उलटवणे, हे दोन माझ्या लेखी या खेळाचे मोठे नियम. हे गेले की उरते ती निव्वळ धावपळ. बाकीचे सर्व मी निःशंकपणे लहानांत टाकीन: डाव नऊ मिनिटांचा की सातचा, मैदान 27 मीटर लांबीचे की त्याहून आखूड, पाठलागाला नऊ की सात, गड्यामागे एक गुण की दोन, आणि खाली माती की मॅट. या गोष्टी बदलल्या म्हणून ज्यांना खेळ बुडाला असे वाटते, त्यांच्याशी मी सहमत नाही.

2022 साली बालेवाडीच्या क्रीडासंकुलात ‘अल्टिमेट खो-खो’ ही व्यावसायिक लीग सुरू झाली, तेव्हा या लहान नियमांपैकी बहुतेक बदलले गेले. सात-सात मिनिटांची चार सत्रे, पाठलागाला सात खेळाडू, आटोपशीर मैदान, गड्यामागे वाढीव गुण. यांतील एक बदल तर मला मनापासून आवडला. संरक्षकांची तुकडी ठरावीक वेळेपेक्षा अधिक टिकली तर संरक्षण करणाऱ्या संघालाही गुण मिळू लागले. पूर्वी एखादा खेळाडू दोन-अडीच मिनिटे जिवाच्या आकांताने पळाला तरी त्याच्या संघाच्या खात्यात काहीच जमा होत नसे. वर्तमानपत्रात त्याच्या नावापुढे कंसात मिनिटे छापून येत, एवढेच. आता गावाकडच्या बाईमाणसालाही फलकाकडे पाहून कळते की हा पळतो आहे म्हणजे कमावतो आहे. प्रेक्षकाला खेळ समजावा म्हणून केलेला असा बदल खेळाला स्वतःचीच बाजू स्पष्ट करून सांगतो. ‘एक डाव आणि चार गुणांनी विजय’ म्हणजे काय, हे मी माझ्या सासुरवाडीच्या मंडळींना आजतागायत समजावू शकलेलो नाही, हेही येथे नमूद करावयास हरकत नाही.

परंतु त्याच लीगने ‘वजीर’ आणला. पाठलाग करणाऱ्या संघातील हा एक खेळाडू कोणत्याही दिशेला वळू शकतो. दिशेचे बंधन त्याला नाही. पुढे जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिली जागतिक स्पर्धा झाली, तेथेही वजीर होता. दूरचित्रवाणीची अडचण मला समजते. कॅमेऱ्याला चेहरा लागतो आणि नऊ समान माणसांच्या खेळात चेहरा सापडत नाही. वजिरामुळे तो मिळाला, खेळ चपळ झाला, माझा पुतण्या वजिराचे नाव घेतल्यावाचून जेवत नाही. तरीही हा बदल मला मिठाचा वाटत नाही. एकाला बंधनातून मोकळे केले की बाकीचे त्याच्यासाठी बसू लागतात. खो कोणाला द्यावा हा निर्णय आजवर जागेवरून ठरत असे, कारण जो जवळचा तो योग्य. आता तो माणसावरून ठरू लागतो. लीगने आपल्या मैदानावर काय करावे हे सांगणारा मी कोण? पण शालेय स्पर्धांतही वजीर आणावा अशी कुजबुज अधूनमधून कानी येते, आणि तेथे मी विरोध करीन. चौदा वर्षांच्या मुलाला या खेळातून जे शिकायचे असते, ते त्या एका सवलतीने निसटून जाते.

आता मॅटकडे येतो. माती आणि मॅट यांवरचा खेळ एकच असला तरी दोन्हीकडे शरीर निराळे वागते. मातीवर अनवाणी पाय किंचित घसरतो आणि हा घसरणे खेळाडूच्या उपयोगी असते. थांबताना, वळताना, खांबाला हात घालून झेपावताना तो त्या घसरण्यावर स्वार होतो. मॅटवर बूट लागतात, बूट पकडतात, पाऊल जेथे पडले तेथेच थांबते आणि वळण्याचा सारा भार गुडघ्यावर येतो. सूर मारला तर माती देह पुढे सरकू देते. मॅट कोपराची कातडी ठेवून घेते. दुसऱ्या बाजूने पाहिले तर मॅटवर खडा रुतत नाही, पावसाने सामना रद्द होत नाही आणि पाट्यांच्या रेषा शेवटच्या मिनिटापर्यंत दिसतात. मातीवर दुसऱ्या डावापर्यंत फक्की पुसली जाते आणि तेथून पुढे पंच ज्या रेषेवरून फाऊल देतो ती बऱ्याच अंशी त्याच्या मनात असते, हे गुपित आता निवृत्त झाल्यावर सांगण्यास प्रत्यवाय नसावा.

यांत श्रेष्ठ काय, हा वाद व्यर्थ आहे. वरच्या पातळीवरच्या स्पर्धा आता मॅटवर होतात, एवढी एकच गोष्ट आपल्या मुलांच्या दृष्टीने निर्णायक आहे. मातीवर घडलेला मुलगा निवड होऊन तेथे जातो आणि आयुष्यात प्रथमच मॅटवर पाय ठेवतो, तो प्रसंग मी पंचाच्या जागेवरून कितीदा तरी पाहिला आहे. पहिली नऊ मिनिटे तो खेळत नाही. जमिनीशी ओळख करून घेत असतो. ओळख होईपर्यंत डाव संपतो आणि निवड समितीच्या वहीत त्याच्या नावापुढे रेघ पडलेली असते. शहरातल्या मुलाहून तो कमी असतो असे नव्हे. त्याच्या खालची जमीन दुसऱ्या कोणीतरी बदललेली असते, आणि त्याला ते कळवलेले नसते.

म्हणून मॅट घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. पण मैदान बुजवून नव्हे. 27 गुणिले 16 म्हणजे 432 चौरस मीटर, भोवतालची पट्टी धरून त्याहूनही अधिक. एवढी मॅट लाखांच्या घरात जाते. एवढ्या मोलाच्या वस्तूला कुलूप लागते, कुलपाला किल्ली लागते आणि किल्ली कोणाच्या तरी खिशात असते. आज आपल्या मैदानाला कुलूप नाही. पाचवीतला नवा मुलगा, ज्याला अद्याप घरची आठवण येऊन रडू येते, तोही संध्याकाळी तेथे जाऊन बसतो आणि कोणीतरी त्याला चौकोनात बसवून घेते. छताखालच्या मॅटवर असा मुलगा बसवला जाणार नाही. तेथे शाळेचा बारा-पंधरा जणांचा संघ खेळेल. शिवाय उघड्या कोब्यावर पातळ मॅट घालून वर्षभर सराव केला, तर कोवळ्या गुडघ्यांचे काय होईल, हे एखाद्या अस्थिरोगतज्ज्ञ माजी विद्यार्थ्याने समितीला सांगावे. सुट्या चौकोनांची मॅट घेऊन स्पर्धांच्या मोसमापुरती ती सभागृहापुढच्या फरसबंद अंगणात जोडावी, मोसम संपला की रचून ठेवावी आणि मातीचे मैदान आहे तसे सर्वांसाठी उघडे राहू द्यावे. आवाहनपत्रात बुटांचा खर्च कोठेही धरलेला नाही, हेही लक्षात आणून देतो. मॅटवर अनवाणी चालत नाही आणि वाढत्या वयाच्या मुलाचा बूट एका वर्षात अपुरा होतो.

कुलपाविषयी मी इतके लिहितो त्याला कारण आहे. माझे आजोबा खो-खो खेळत. पण आमच्या वस्तीमागच्या ओढ्याकाठी. गावाच्या मधोमध जे मैदान होते तेथे ते खेळले नाहीत. या खेळाची सर्व भाषा स्पर्शाची आहे. खो द्यायचा तर बसलेल्याच्या पाठीला हात लावावा लागतो. गडी बाद करायचा तर तळहात लागावा लागतो. ज्यांचा स्पर्श वर्ज्य होता त्यांनी हा खेळ गावाबरोबर खेळावा तरी कसा? त्या अडचणीवर गावाने जो तोडगा काढला तो म्हणजे दोन मैदाने. आपल्या शाळेच्या मैदानावर सर्व जातींची मुले एकमेकांच्या पाठीवर हात ठेवून ‘खो’ म्हणत आली, याची नोंद या स्मरणिकेच्या इतिहासविभागात कोठेतरी व्हावी असे मला वाटते.

आणि खेळाला प्रतिष्ठा मिळाली म्हणून त्यात सर्वांना जागा मिळते, असेही नाही. क्रिकेटएवढी मान्यता कोणत्या खेळाला मिळाली? त्याच क्रिकेटमध्ये बाळू पालवणकर या चर्मकार समाजातील डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाने 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेतले. पुण्यात त्यांच्या गोलंदाजीवर सामने जिंकणाऱ्या संघातील सहकारी चहाच्या वेळी त्यांना मंडपाबाहेर निराळ्या मातीच्या भांड्यात चहा देत. हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच लाभले नाही. ते त्यांचे बंधू विठ्ठल यांना 1923 मध्ये मिळाले. चेंडू चालत होता, हात चालत नव्हता. मान्यतेचा दरवाजा उघडला की आत कोण जाते आणि बाहेर कोण राहते, हे प्रत्येक वेळी नव्याने पाहावे लागते.

खो-खोच्या नव्या दरवाज्याशी आज कोण बाहेर आहे, हे सांगून थांबतो. लीगचे दोन मोसम झाले, 2022 चा पुण्यात आणि पुढचा 2024 च्या आरंभी कटकमध्ये संपलेला. दोन्ही केवळ पुरुषांचे. कबड्डीतही तसेच घडले होते. पुरुषांची लीग 2014 पासून गाजते आहे, स्त्रियांचा प्रयोग 2016 मध्ये तीन संघांनिशी झाला आणि त्या मोसमापुरताच राहिला. वास्तविक महाराष्ट्रात खो-खो जितका मुलांचा तितकाच मुलींचा खेळ आहे, किंबहुना मराठवाड्यात तो मुलींचा अधिक आहे. 2016 च्या गुवाहाटी येथील दक्षिण आशियाई स्पर्धेत खो-खो प्रथमच खेळला गेला, तेव्हा सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाची कर्णधार होती धाराशिवची सारिका काळे. 2020 मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला; खो-खोच्या वाट्याला तो दोन दशकांहून अधिक काळाने आला होता. दिल्लीच्या जागतिक स्पर्धेत भारताचे दोन्ही संघ नेपाळला हरवून जिंकले. पुरुषांचा कर्णधार प्रतीक वाईकर आणि महिलांची प्रियांका इंगळे, दोघेही महाराष्ट्राचे. महिलांचा अंतिम सामना 78 विरुद्ध 40 असा सुटला. एवढे होऊनही लिलावात बोली लागते ती मुलांवर.

आपल्या वसतिगृहातील मुलींच्या बाबतीत हा प्रश्न अधिक जवळचा आहे. त्यांच्यातल्या कित्येकींना दहावीनंतर घरी बोलावून घेतले जाते. एखादीच्या हाती राज्यस्पर्धेचे प्रमाणपत्र असेल तर वडील दोन वर्षे थांबतात. हे मी अंदाजाने लिहीत नाही, शाळेच्या क्रीडाशिक्षिकांनी बोट ठेवून दाखवलेल्या नावांवरून लिहितो आहे. मॅट आली आणि तिच्या वापराचे वेळापत्रक नेहमीप्रमाणे तयार झाले, तर संध्याकाळचा थंड वेळ मुलांकडे जाईल आणि मुलींना दुपारचे ऊन मिळेल, कारण दिवेलागणीपूर्वी त्यांना वसतिगृहात परतावे लागते. सध्या मातीच्या मैदानाबाबत हेच चालू आहे. माझा वाटा मी या महिन्यात पाठवीत आहे. सोबतच्या पत्रात मी समितीला एवढेच कळवले आहे की मॅटवरचा संध्याकाळी साडेचार ते सहाचा वेळ मुलींच्या नावे लिहून तो फलक सभागृहाच्या दारावर लावावा, मुलांनी सकाळी वंदनेनंतर यावे. आणि बुटांचे पहिले चोवीस जोड मुलींच्या मापाचे असावेत.